बिलोलीचा बस्ता

टेबलावर ठेवलेला मोबाइल थरथरला की आजही माझा हात आधी थबकतो आणि मग पुढं जातो. निवृत्त होऊन नांदेडला नातवंडांत रमलेला माणूस मी, मला कोण कशाला धमकावणार? पण लातूरच्या पोलीस ठाण्यात सात मुलींच्या हातांत थरथरणारे मोबाइल मी पाहिले आहेत, आणि ती घटना विसरायची म्हटलं तरी विसरता येत नाही. त्या प्रकरणात एक चूक माझ्या सहीनं झाली होती. ती कबूल करायची म्हणूनच हे लिहायला बसलो. नाव मात्र कुणाचंच देणार नाही.

आमचं ठाणं क्लासेसच्या वस्तीला लागून होतं. साऱ्या मराठवाड्यातली पोरं तिथं येतात, दोन वर्षं खोलीत कोंडून घेतात आणि मेडिकलची प्रवेश परीक्षा देऊन परत जातात. त्यामुळं आमच्या स्टेशन डायरीत खून-दरोडे कमी आणि हरवलेल्या सायकली, चोरीचे मोबाइल, घरची आठवण आली म्हणून एसटीत बसून निघून गेलेली पोरं जास्त. बदली झाली तेव्हा सहकारी चिडवायचे की साहेबांना वसतिगृहाचं रेक्टर केलंय. मलाही तसंच वाटायचं.

एका सकाळी हजेरी संपते न संपते तोच खानावळीवाली मावशी आली. आमच्या मागच्या गल्लीत तिची खानावळ, शंभरेक मुली तिच्याकडं जेवायच्या. ठाण्याच्या पायरीवर चप्पल काढून आत आली, म्हणजे मनात काहीतरी मोठं होतं.

"साहेब, मी काई तक्रार द्याला न्हाई आले," ती म्हणाली. "पर माझ्या सात पोरी चार दिसांपासून जेवून न्हाई राहिल्या. ताट फुडं घेतेत आन फोनकडं बघत बसतेत. येताना सातीजणी एकामेकीचा हात धरून येतेत. लई भेल्या हायत त्या."

खबर देणारे दोन प्रकारचे असतात. एकाला तुमच्याकडून काहीतरी हवं असतं, आणि दुसऱ्याला झोप लागत नसते. दुसऱ्या प्रकारचा माणूस कधी खोटं बोलत नाही, हा माझा अनुभव आहे. मी सायबर शाखेतून एक महिला फौजदार मागवून घेतल्या. तिशीतल्या, कमी बोलणाऱ्या बाई होत्या. मुली अल्पवयीन होत्या, म्हणून बाई साध्या वेशात गेल्या आणि दोन दिवस त्या सात जणींच्या पंगतीला बसून जेवल्या. काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ताक पिताना एका मुलीनं आपला फोन टेबलावरून हळूच त्यांच्याकडं सरकवला.

त्या फोनमध्ये त्याच मुलीचे फोटो होते. वसतिगृहाच्या फाटकातून बाहेर पडताना, आत येताना, पाठीवर दप्तर, हातात पाण्याची बाटली. कोपऱ्यात तारीख आणि वेळ. एका अनोळखी नंबरवरून रोज एक फोटो यायचा आणि खाली एक ओळ. 'आज सात मिनिटं उशीर झाला.' 'केस ओले आहेत, सर्दी होईल.' 'काल मैत्रीण सोबत नव्हती.' सातही मुलींना असंच. आणि शेवटी सगळ्यांना एकच ओळ आली होती, 'गावाकडं जा.'

तीस वर्षांत मी धमक्यांच्या पुष्कळ चिठ्ठ्या वाचल्या होत्या. शिव्या असतात, मागण्या असतात, दिलेली मुदत असते. ज्याला काही हवंय त्याच्याशी बोलता येतं. इथं एक वावगा शब्द नव्हता, कसली मागणी नव्हती. कुणीतरी काळजीच्या सुरात फक्त एवढंच सांगत होतं की मला तू दिसतेस. खरं सांगतो, माझ्याही अंगावर काटा आला. माझी मुलगी त्याच वयातून गेलेली होती.

मुलींनी वसतिगृहात सांगितलं नव्हतं आणि घरी तर मुळीच नाही. का, असं विचारलं तर सातही जणींचं उत्तर एकच होतं, घरी कळलं तर घरी नेतील. परीक्षा दोन महिन्यांवर होती. त्या रस्त्यानं जाताना प्रत्येक पानटपरीवरच्या, प्रत्येक रिक्षातल्या माणसाकडं बघत जायच्या की हाच तर नव्हे. एकीनं चार दिवस अंघोळ केली नव्हती, केस ओले दिसू नयेत म्हणून.

सगळ्यात शेवटी जबाब दिला तिला मी सातवी म्हणतो. बारीक अंगाची, शांत मुलगी. बिलोली तालुक्यातलं गाव, घरी ओलिताखालची भरपूर जमीन, कशाची कमतरता नाही. पण त्या गावातून मेडिकलची परीक्षा द्यायला बाहेर पडलेली ती पहिलीच मुलगी. वडिलांनी तिच्या मामाच्या आग्रहाखातर दोन वर्षं दिली होती, पास झाली तर पुढं, नाही तर लग्न. जबाब देताना ती फौजदारबाईंना म्हणाली होती की मॅडम, पकडला नाही तरी चालंल, पण घरी कळवू नका. कायद्यानं आम्हाला कळवणं भाग होतं. संध्याकाळी सातही घरी फोन गेले.

फोटो फाटकावरच्या कॅमेऱ्याचे होते हे उघड होतं. फोन गेले त्याच दिवशी सकाळी दोन पंच घेऊन आम्ही वसतिगृहात गेलो होतो. तिथली पद्धत अशी की मुलगी बाहेर जाताना-येताना कॅमेरा फोटो काढतो आणि पालकांच्या फोनवर पाठवतो. ती सोय दाखवूनच ते वसतिगृह चालायचं. सगळे फोटो साठवायला मालकानं इंटरनेटवर जागा घेतलेली होती, त्याला क्लाउड म्हणतात. म्हणजे ज्या कॅमेऱ्यानं राखण करायची त्याच्यातूनच हे आलेलं. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणायचं.

आणि ते सगळं सांभाळायला होते एक काका. तहसीलमधून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले, डोक्यावर टोपी, शर्टाच्या खिशात दोन पेनं. निजामाच्या काळापासून आमच्याकडं कचेरीतले कागद कापडात बांधून ठेवायची रीत. त्या गाठोड्याला बस्ता म्हणतात. प्रत्येक तालुक्याचा बस्ता वेगळा. काकांचं आयुष्य बस्ते बांधण्यात गेलेलं. मशीन फोटोंना नुसते आकडे देतं हे त्यांना पटेना, म्हणून मुलींची नोंद करताना त्यांनी नाव द्यायची रीत घालून दिली. आधी तालुका, मग मुलीचं नाव, मग तिचा मोबाइल नंबर. तारीख आणि वेळ मशीन मागून जोडायचं. क्लाउडमध्येही काकांनी बस्तेच बांधले होते, देगलूरचा, बिलोलीचा, निलंग्याचा.

माझा संशय सरळ काकांवर गेला. सातही मुली बिलोली तालुक्यातल्या, आणि काकांची निम्मी नोकरी बिलोलीत झालेली. मी त्यांना दिवसभर ठाण्यातल्या बाकावर बसवून ठेवलं. साधा चहा विचारला नाही. संध्याकाळी समोर घेतलं तेव्हा त्यांचे हात थरथरत होते.

"साहेब, चाळीस वर्षं सरकारी दस्त सांभाळले," ते म्हणाले. "एक कागद हरवला न्हाई."

हरवला नाही, कुणीतरी नेला, असं मी त्यांना खाडकन सुनावलं. म्हातारा माणूस खाली मान घालून बसला. भीतीनं थरथरणारा माणूस गुन्हेगार असतोच असं नाही, हे नव्या शिपायांना शिकवणारा मीच होतो. पण त्या दिवशी मलाही भीतीनं धरलं होतं, आणि भ्यालेला पोलीस कुणावरही ओरडतो. दुसरा संशय शेजारच्या वसतिगृहाच्या मालकावर होता, कारण मुली पळाल्या तर फायदा त्याचा. त्यालाही बोलावून झालं. फोटो ज्यावरून यायचे तो नंबर परराज्यातल्या कुणाच्या तरी नावावर निघाला, आणि त्या बिचाऱ्याला आपल्या नावावर असा नंबर आहे हेच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊलाच सातवीचे वडील हजर. पांढरं धोतर, उंच देह, रात्रभर डोळा लागलेला नसावा. सोबत एक सत्तावीस-अठ्ठावीसचा तरुण होता, नीटनेटका, इस्त्रीचा शर्ट. गाडी त्याचीच होती. वडिलांनी ओळख करून दिली.

"आमचं पाव्हणं हायत. नांदेडला कंपुटरात हायत. पोरीची परीक्षा झाली की बोलणी पक्की करायची हायत. फोन केला तर हातातलं काम टाकून गाडी घिऊन आले बघा."

तरुणानं मला नमस्कार केला, वडिलांना खुर्ची दिली, स्वतः उभा राहिला. अदबीनं विचारलं की साहेब, तपास कुठवर आला. मीही त्याला सांगून टाकलं की नंबर परराज्यातला आहे, कंपन्यांकडून माहिती यायला महिना लागेल. त्यानं मान डोलावली आणि म्हणाला की तोवर मुलीनं इथं राहणं बरं नाही. मला तो जबाबदार मुलगा वाटला. वडिलांना असा जावई मिळतोय म्हणून मनातल्या मनात बरंही वाटलं.

मुलीला बोलावलं. ती बॅग न घेताच आली. फौजदारबाईंच्या जवळ जाऊन उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, मला घरी नका पाठवू. आज माझी टेस्ट हाय."

मी कागदावर लिहीत होतो. मान वर न करता म्हणालो, "जीव राहिला तर टेस्ट."

हे वाक्य माझं आहे. दुसऱ्या कुणावर ढकलता येणार नाही.

अल्पवयीन मुलीला पालकांच्या हवाली करताना ताबा पावती करावी लागते. ती केली. देणार म्हणून मी सही केली, घेणार म्हणून वडिलांनी, आणि साक्षीदार हवा होता तर समोरच उभ्या असलेल्या त्या तरुणानं खिशातून पेन काढून सही केली. अकराच्या सुमाराला गाडी निघाली. मागच्या काचेतून मुलीनं एकदा वळून पाहिलं. मला वाटलं, चला, सातातली एक तरी सुखरूप घरी पोचेल.

पाऊण तासानं वसतिगृहातून फौजदारबाईंचा फोन आला, ताबडतोब या म्हणून. त्या असं कधी म्हणायच्या नाहीत. गेलो. बाई ऑफिसच्या संगणकासमोर बसल्या होत्या, काका बाजूला उभे होते. पडदा काळा होता आणि त्यावर पांढरी अक्षरं. मला त्यातलं ओ का ठो कळत नव्हतं.

बाईंनी समजावून सांगितलं. क्लाउडमधले फोटो एकेक करून उतरवायला दिवस पुरणार नाही. पण या काळ्या पडद्यावर एक ओळ लिहून संगणकाला हुकूम देता येतो. कुठून घ्यायचं, कुठं ठेवायचं आणि कोणतं घ्यायचं, एवढं सांगायचं. आधी म्हणायचं सगळं वगळ, मग म्हणायचं एवढंच घे. आणि 'एवढंच' म्हणजे नावाची सुरुवात लिहून पुढं एक चांदणी टाकायची. चांदणीचा अर्थ, पुढं काहीही असो. बिलोली लिहून चांदणी टाकली की ज्या ज्या फोटोचं नाव बिलोलीनं सुरू होतं ते सगळे एका दमात खाली येतात.

"म्हंजी शिपायाला म्हणायचं, बिलोलीचा बस्ता आण," काका हळूच म्हणाले. इतक्या दिवसांत त्या यंत्राबद्दल मला कळलेली ती पहिली गोष्ट.

लिहिलेल्या ओळी तो संगणक लक्षात ठेवतो. वरच्या बाणाची कळ दाबली की जुनी ओळ परत येते, पुन्हा दाबली की त्याच्या आधीची. बाईंनी दाबत दाबत तीन ओळी बाहेर काढल्या होत्या. पहिल्या ओळीत नुसती यादी मागितली होती, काय काय येईल ते बघायला. माणूस सावध होता. दुसरीत बिलोलीचा सगळा बस्ता पेन ड्राइव्हवर उतरवून घेतला होता. बाईंनी त्या बस्त्यातल्या मुली मोजल्या तर सहाच निघाल्या.

धमक्या सात जणींना आल्या होत्या. सातवी त्या बस्त्यात नव्हतीच.

तिसरी ओळ निलंग्याची होती. निलंग्याच्या बस्त्यात चाळीसेक मुली होत्या, पण त्या ओळीत चांदणीच्या आधी एकाच मुलीचं नाव लिहिलेलं होतं. आमच्या सातवीचं. बिलोली तालुक्यातली मुलगी निलंग्यात कशी, असं मी काकांना विचारलं.

"तिला दाखल करायच्या दिवशी तिचा मामा आला व्हता, साहेब. निलंग्याचा. अर्जावर सही त्याची. तहसीलात आमची रीतच तशी, सही ज्याची, कागद त्याच्या गावच्या बस्त्यात."

म्हणजे चोराला सगळ्या बिलोलीशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला एकच मुलगी हवी होती. ती बिलोलीची हे त्याला ठाऊक होतं, म्हणून त्यानं बिलोलीचा बस्ता ओढला. त्यात ती सापडली नाही, तेव्हा तो निलंग्यापर्यंत पोचला. पण ती निलंग्यात आहे हे काकांशिवाय जगात कुणालाच माहीत असायचं कारण नव्हतं. मी काकांना विचारलं की हे कुणाला सांगितलं होतं का. आदल्या दिवशी मी त्यांच्यावर ओरडलो होतो, त्यामुळं बोलायला ते कचरत होते. मी त्यांना खुर्ची दिली.

"महिन्याखाली कॅमेरा दुरुस्तीला एक मानूस आला व्हता," ते म्हणाले. "नेहमीचा न्हाई, कंपनीनं नांदेडहून दुसराच धाडला व्हता. हितंच बसून काम करून राहिला व्हता. मधीच म्हणला, काका, आमच्या पाव्हण्यांची पोरगी तुमच्याकडं हाय, बिलोलीची, पर बिलोलीत दिसंना. मी सांगितलं, मामामुळं निलंग्यात टाकलीय. मला वाटलं घरचाच मानूस हाय."

पाव्हण्यांची पोरगी. सकाळी तोच शब्द मी माझ्या खोलीत ऐकला होता. पण पुराव्याशिवाय हलायचं नाही ही सवय. बाईंनी विचारलं की दुरुस्तीवाला फाटकातून आत आला म्हणजे कॅमेऱ्यानं त्याचाही फोटो काढला असेल ना. काकांनी मान हलवली. बाहेरून येणाऱ्यांचाही त्यांनी वेगळा बस्ता बांधलेला होता, त्याचं नाव पाहुणे. काकांच्या वहीत दुरुस्तीची तारीख होती. बाईंनी काळ्या पडद्यावर पाहुणे लिहिलं, ती तारीख लिहिली, पुढं चांदणी टाकली आणि कळ दाबली. चोराची युक्ती आम्ही चोरावरच चालवली.

अकरा फोटो खाली आले. दूधवाला, गॅसवाला, तीन पालक. आठव्या फोटोत इस्त्रीचा शर्ट घातलेला तो तरुण होता. सकाळी माझ्यासमोर उभं राहून साक्षीदार म्हणून ज्यानं सही केली, तोच.

मी घड्याळ पाहिलं. गाडी निघून सव्वा तास होत आला होता. त्या गाडीत ती मुलगी होती, तिचा बाप होता, आणि स्टिअरिंग त्याच्या हातात होतं. मीच त्याच्या हातात दिलं होतं.

त्या वेळी मला जी भीती वाटली ती नोकरीत पुन्हा कधी वाटली नाही. दंगलीत दगड खाल्ले होते, एकदा सुरा खांद्याला लागून गेला होता. ती भीती स्वतःपुरती असते. ही वेगळी होती. फोन करावा तर वडिलांचा फोन गाडीच्या स्पीकरला जोडलेला असेल, मी बोललेला शब्द न् शब्द त्यालाही ऐकू जाईल. त्याला सुगावा लागला आणि त्यानं गाडी पळवली, कुठं आडरस्त्याला घातली, तर?  

माझ्याकडं एकच हत्यार होतं, सरकारी कागद. आपल्या माणसाला कागदाचा कंटाळा असतो, पण संशय येत नाही. आधी वाटेवरच्या आमच्या लोकांना निरोप दिला. मग वडिलांना फोन लावला आणि अपराध्यासारखा आवाज काढून म्हणालो की भाऊ, एका कागदावर तुमची सही घ्यायची राहिली, ती नसेल तर वरिष्ठ माझी चामडी सोलतील.

"साहेब, आता शिरूर ताजबंद यायलं की," वडील म्हणाले. "फुडल्या सोमवारी येतो. पोरगी बी दमलीय."

मग मागून त्याचा आवाज आला. शांत, अदबीचा. "साहेब, कागद मेलवर पाठवा. मी त्यांची सही घेऊन लगेच परत पाठवतो."

मी हसलो. कसा हसलो ते देव जाणे. म्हणालो, अहो, पोलिसांचा कागद मेलवर चालत असता तर काय हवं होतं. शिरूरच्या चौकात आमचा हवालदार कागद घेऊन उभाच आहे, काच खाली करा, सही करा, पुढं जा. दोन मिनिटं.  पलीकडून मला नुसतं गाडीचं इंजिन ऐकू येत होतं. शेवटी वडील म्हणाले, "बरं हाय. करून टाकू."

त्यानंतरची बारा मिनिटं मी वसतिगृहाच्या पायरीवर बसून काढली. आत मुलींच्या अभ्यासाचा गुणगुणाट चालू होता. काका माझ्या शेजारी येऊन बसले. बाराव्या मिनिटाला फोन थरथरला. चौकातला हवालदार होता. म्हणाला, गाडी थांबली साहेब, चावी माझ्याकडं हाय, पोरगी खाली उतरली. मी काकांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

दुपारी तिघांना वेगवेगळ्या गाड्यांतून ठाण्यात आणलं. चौकशीत तो डगमगला नाही. उलट मलाच विचारू लागला की मी तिला हात लावला का, कुणाकडं काही मागितलं का, एक वाईट शब्द लिहिला का. मी आवाज चढवला नाही. तीन ओळींचा छापील कागद त्याच्यापुढं ठेवला आणि तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून विचारलं की ही कशासाठी. 

"ती पास झाली असती तर पाच-सहा वर्षं गेली असती," तो म्हणाला. "मग तिनं मला कशाला केलं असतं? भ्याली की घरी येईल, एवढंच माझ्या डोक्यात होतं."

बाकीच्या सहा जणींनी काय बिघडवलं होतं, असं विचारलं. तो म्हणाला, त्या बस्त्यासोबत आल्या. टाकून देणार होतो, पण एकटीलाच पाठवलं असतं तर संशय आला असता. सहा मुलींची झोप, जेवण, परीक्षा त्याच्या लेखी उचलताना हाताला लागलेला पालापाचोळा होता. माणूस राक्षसासारखा दिसत नाही ही आमच्या धंद्यातली जुनी अडचण. तो पाहुण्यासारखा येतो आणि बापाला खुर्ची देतो.

पेन ड्राइव्ह त्याच्या गाडीतच सापडला, त्यात क्लाउडचा पासवर्डही होता, आणि त्याच्यावरूनच तो नांदेडला बसून रोजचे ताजे फोटो ओढायचा. पंचनामा झाला, मुद्देमाल सीलबंद झाला. पुढं दोषारोपपत्र गेलं आणि कोर्टाचं काम कोर्टानं केलं. सहाही मुलींच्या घरच्यांना बोलावून काय घडलं ते मी स्वतः सांगितलं. काकांची माफीही मागितली, खानावळीत चारचौघांसमोर. त्यावर मावशीनं मला ताट वाढलं.

पण त्या दुपारची एक गोष्ट सांगायची राहिली. सातवीचा जबाब पुन्हा घेताना ती फौजदारबाईंना म्हणाली, "मला चाकूरच्या अलीकडंच कळलं व्हतं, मॅडम. त्यानं आरशात बघून इचारलं, ती पिवळी ओढणी का न्हाई घातली. ती ओढणी मी लातुरात घेतली. तिच्यात मला त्यानं कधी बघितलंच न्हाई. ती फकस्त त्या फोटोत व्हती."

म्हणजे ती मुलगी अर्ध्या तासाहून अधिक वेळ सगळं जाणून त्याच्या पाठीमागं बसून होती. पुढं बाप त्याच्याशी पिकापाण्याच्या गप्पा मारत होता. मी विचारलं, वडिलांना का नाही सांगितलंस? ती माझ्याकडं बघत म्हणाली, "सांगितलं असतं तर त्यांनी त्यालाच इचारलं असतं, खरं हाय का म्हणून. मी दाराच्या कडीवर हात ठिऊन बसले व्हते."

वडील दाराशी उभे राहून ऐकत होते. तो उंच माणूस भिंतीला टेकून खालीच बसला. थोड्या वेळानं त्यांनी मला विचारलं की साहेब, आता हिला कुठं ठेवू, तुमीच सांगा. सकाळी माझ्याकडं याचं उत्तर तयार होतं. आता मी म्हणालो, मला नका विचारू, तिला विचारा.

बापानं मान वर करून मुलीकडं पाहिलं. मला नाही वाटत त्याआधी त्यांनी तिला असं काही विचारलं असेल. "बाई, काय करायचं?"

मुलीनं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. "चार वाजता टेस्ट हाय," ती म्हणाली.

साडेतीन वाजले होते. फौजदारबाईंनी तिला स्कूटरवर क्लासला सोडलं. वडील परीक्षा होईपर्यंत लातुरातच राहिले, खानावळीसमोरच्या खोलीत, आणि रोज क्लासच्या दाराशी जाऊन बसायचे. ती पास झाली की नाही हे लोक मला विचारतात. झाली. पण त्या दिवशी ती नापास व्हायची असती तरी चार वाजताची टेस्ट तिचीच होती.

या प्रकरणानं मला क्लाउड शिकवला, चांदणी शिकवली, आणि नोंदीची साधी रीतही कधी चोराला वाट दाखवते तर कधी पोलिसाला, हेही शिकवलं. मात्र झोपताना आठवते ती ताबा पावती. भीतीच्या वेळी आम्ही कागद किती चटकन भरतो, आणि चोर मोकळा सोडून मुलीलाच घरात कोंडायला निघतो. देणाऱ्याची सही माझी, घेणाऱ्याची बापाची, साक्षीदाराची त्याची. तिघांच्याही सह्या जागच्या जागी होत्या, पावतीत एकही चूक नव्हती.

तिच्या सहीला त्या कागदावर जागाच नव्हती. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत माझ्यापुढं आलेल्या प्रत्येक मुलीला मी नाव-गाव विचारायच्या आधी एकच प्रश्न विचारला, तुला कुठं जायचंय?